रुबीचं कूळ

शिरगावच्या वामन तांडेलाने आयुष्यात दोघींसाठी स्थळं पाहिली. एक त्याची लेक उन्नती आणि दुसरी रुबी. उन्नतीचं जमलं ते चहाचा कप रिकामा व्हायच्या आत. रुबीच्या वेळी मात्र त्याच्या चपला झिजल्या. रुबी कुत्री होती, आणि कुत्र्यांच्या सोयरिकीत माणसांपेक्षा जास्त चौकशा होतात हे त्याला साठी उलटल्यावर कळलं.

रुबी बिस्किटाच्या रंगाची लॅब्रॅडॉर. वामनची बायको वत्सला बोईसरच्या कॉलनीत दारोदार मासे विकायची. तिथल्या एका साहेबांची बदली दक्षिणेत कुठेशी झाली, तेव्हा मॅडमनी वत्सलेच्या टोपलीशेजारी कुत्री उभी केली आणि डोळे पुसत म्हणाल्या, "तुम्हीच सांभाळा, तुमच्याकडे मासे तरी मिळतील तिला." सोबत साखळी दिली, जेवायची ताटली दिली, अर्धी पिशवी खाणं दिलं. कागद दिले नाहीत, आणि मागायचे असतात हे वत्सलेला कुठे ठाऊक? शिरगावात कुत्र्याला भाकरी घालतात, दाखला विचारत नाहीत.

त्याच वर्षी वामनच्या गुडघ्याने दगा दिला. होडी थोरल्या हितेशकडे गेली आणि वामन किनाऱ्यावर आला. चाळीस वर्षं समुद्रात काढलेला माणूस दिवसभर घरात बसला तर काय होतं, ते वत्सलेला विचारावं. तो भाजीत मीठ किती घालावं ते सांगायला लागला. बोंबील बांबूवर उलटे टांगलेत म्हणून शेजारणींशी वाद घालायला लागला. या माणसाचं आता करायचं काय, हा प्रश्न सगळ्या घराला पडला होता. रुबीने तो कुणालाही न विचारता सोडवला. ती पहाटे त्याची लुंगी दातांत धरून ओढायची आणि त्याला किल्ल्यापासून खाडीपर्यंत चालवून आणायची. वामन हळूहळू तिच्याशी बोलायला लागला आणि भाजीतलं मीठ वत्सलेच्या हाती परत आलं.

आता रुबीला सहावं लागत आलं होतं. पालघरच्या जनावरांच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "एकदाही व्यायली नाही ना? मग या माजाला काय ते करा. यापुढे पहिलटकरणीला धोका आहे, मी हो म्हणणार नाही."

ते ऐकून वामन हिशोब करत बसला. कुत्र्याचं आयुष्य किती, तर दहा-बारा वर्षं. म्हणजे रुबीचं निम्मं सरलंच. ती गेली तर मागे तिचं काहीतरी राहायला हवं. तिच्यासारखंच नाक वर करून वारा हुंगणारं एखादं पिल्लू. त्याला एकच हवं होतं, बाकीची कुणीही न्यावीत.

डॉक्टरांनीच स्थळ सुचवलं. बोईसरच्या झुंबर गर्जेचा सुलतान. "पण त्याला कागद लागतात हं," असंही ते म्हणाले होते. वामनने ते एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्याने सोडून दिलं.

झुंबर मूळचा आष्टीकडचा. एका रसायनाच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचा आणि चाळीतल्या दोन खोल्यांत राहायचा. भिंतीवर देवाच्या तसबिरीशेजारी सुलतानचा कागद प्लॅस्टिकमध्ये घालून टांगलेला होता, शिक्क्यासकट. वामन टेकतो न टेकतो तोच झुंबरने तो वाचून दाखवला. बापाचं नाव, आजोबाचं, पणजोबाचं. सगळे चॅम्पियन, सगळे पुण्याचे. सुलतान स्वतः मात्र दाराशी पसरून वामनच्या चपलेचा वास घेत होता. तोही बिस्किटाच्या रंगाचा, दणकट, आणि शेपटीचं टोक जरा वाकडं.

"ही काय भानगड?" वामनने विचारलं.

"ती खूण हाये घरान्याची," झुंबर अभिमानाने म्हणाला. "विकनारानंच सांगितलं. आन् काका, मार्चमधी घरी आनला तवा दोन महिन्यांचा होता, पर अंगानं म्हनाल तर सहा महिन्यांचा! रक्तच तसलं. आता तुमचा कागद दावा."

"कागद नाय."

झुंबरने चहाचा कप खाली ठेवला. "काका, माझ्या कंपनीत नियम हाये. पिंपाला कागद न्हाई, तर पिंप गेटच्या आत न्हाई. वीस वर्षं झाली, एक पिंप मी तसं घेतलं न्हाई."

"अरे, पण कुत्री समोर दिसतेय ना? हातच्या काकणाला आरसा कशाला?"

"दिसती, व्हय. पर कुनाची हाये? आई कोन? एका रक्तात जोड लागली तर पिल्लं पांगळी निघत्यात. कंबरंचा रोग असतो ह्या जातीत, मागचे पाय जात्यात. बापाचं सोडा, बाप कुनीबी चॅम्पियन सांगतो. मला आईचं घर कळाया पायजे."

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. कुत्रीचं विचारावं की नाही, यावर जुनी माणसं काही बोललेली नाहीत. वामनला मात्र उपाय सुचला. उपाय समुद्रातला होता, कारण त्याला दुसरीकडचे येतच नव्हते.

"हे बघ झुंबरभाऊ," तो म्हणाला, "आमी समुद्रात खुंट ठोकून जाळी लावतो. कुठला खुंट कुनाचा, त्याला सातबारा नसतो. पानी सगळं सारखंच. आजानं ठोकला, बापानं चालवला, बस. आता कुनी उठून म्हनला का ही जागा माझी, तं आमी साक्षीदार आनतो. ज्यानं बगितलं तो गावासमोर सांगतो, आनि निकाल लागतो."

झुंबरचे डोळे चमकले. कागदाचा माणूस असला तरी चौकस होता. "आन् तुमीच आनलेला साक्षीदार उलटा बोलला तर?"

"तरी त्याचं तोंड धरायचं नाय. आपन आनला, आपनच ऐकायचा. अर्धी साक्ष चालत नाय. माझ्या बापानं असाच एक खुंट घालवला. त्यानंच आनलेला म्हातारा म्हनला, खुंट तुजा नाय. बाप गप घरी आला."

"लईच इमानदार!"

"इमानदार कसला, चार दिवस जेवला नाय. पन पुढं त्याच्या शब्दाला किनाऱ्यावर कुनी हरकत घेतली नाय."

झुंबरने भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं, मग वामनकडे. "आना मंग साक्षीदार," तो म्हणाला. "आईचं घर चांगलं निघालं तर येत्या रविवारी मी सुलतानला घेऊन येतो. तशी मादीनं नराकडं यायची रीत हाये, पर हितं चाळीत कुठं जागा? पहिलं पिल्लू माझं, बाकी तुमची."

वामन घरी आला तो निम्मी लढाई जिंकल्यासारखाच. वत्सलेने डोक्यावर हात मारला. "कुत्रीच्या लग्नाला साक्षीदार! आता पत्रिकाच छापून घ्या." पण रात्रभर विचार करून सकाळी तिनेच धागा काढून दिला. रुबीला साहेबांनी कॉलनीतल्याच वरच्या मजल्यावरून आणलं होतं, आणि त्या घरी भांडी घासायला बेटेगावची राहीबाई होती. वत्सलेकडून वाटाभर जवळा घेऊन त्यातला निम्मा तिथल्या कुत्रीला घालणारी बाई ती हीच.

वामन गुडघ्याला तेल चोळून बेटेगावला निघाला. जाताना त्याला मजा वाटत होती. आपल्या रोजच्या सोबतीणीची आई कोण, ती कशी होती, हे आपण इतक्या वर्षांत कधी स्वतःला विचारलंच नाही, याचं त्याला नवल वाटलं. झुंबरचा कागद निमित्त झाला. आता त्याला स्वतःलाच ते जाणून घ्यायचं होतं.

राहीबाई अंगणात भात पाखडत होती. मोबाइलवरचा रुबीचा फोटो पाहताच तिने सूप खाली ठेवलं.

"ही तं क्यांडीची पोर!" ती म्हणाली. "माज्या हातात झाली ही. नऊ झालेली."

मग ती सांगत गेली आणि वामन ऐकत गेला. कँडी काळीभोर होती, जरा जाड, विजेला घाबरणारी. गणपतीत मालक-मालकीण गावाला गेलेले, घर राहीबाईवर सोपवलेलं, आणि नेमकी तेव्हाच तिला कळ लागली. स्वयंपाकघरात गॅसच्या ओट्याखाली जाऊन बसली ती काही केल्या बाहेर येईना. राहीबाईने ओट्याखाली हात घालून एकेक पिल्लू घेतलं, दोऱ्याने नाळ बांधली, नव्या ब्लेडने कापली. आई काळी आणि नऊच्या नऊ पिल्लं पिवळी. "मालकीन येऊन बगते तं मीच बाळंतपन करून बसलेली," असं म्हणून ती हसली.

"सगळी चांगली निघाली?" वामनने विचारलं.

"चांगलीच. एकाची तेवढी माज्या हातून वाट लागली. दार वाऱ्यानं आपटलं, त्यात बिचाऱ्याची शेपटी सापडली. टोक वाकडं झालं. मी हळद लावली, पन हाड वाकडंच बसलं. सगळी गेली, त्याला कोनी नेईना. सहा महिने घरातच व्हता. मंग मार्च मयन्यात बोईसरचा एक कुत्री इकनारा आला नि घेऊन गेला. बिस्किटासारखाच रंग, अगदी तुमच्या हिच्यासारखा."

राहीबाईने दिलेला पाण्याचा तांब्या वामनने न पिताच खाली ठेवला.

"आनि क्यांडी?" त्याने विचारलं.

"ती गेली. तिचे मागचे पाय गेलेले. चार वर्सांची बी नव्हती. डागतर म्हनला, कंबरंत रोग हाय, पिढीजात. शेवटी मीच उचलून बाहेर न्यायची."

परतीच्या एसटीत वामनला खिडकीबाहेरचं काही दिसलं नाही. आपला साक्षीदार, आपणच शोधला, आणि तो असा बोलला! सुलतान रुबीचा सख्खा भाऊ निघाला. पुण्याचे ते सगळे चॅम्पियन भिंतीवरच राहिले. आणि हे माहीत कुणाला? एक राहीबाईला, जिला सुलतान कोण ते ठाऊक नाही. आणि एक वामनला. झुंबरला सांगायचं एवढंच की आई काळी होती, चांगली होती, कॉलनीतल्या सज्जन घरातली होती. यातलं काहीही खोटं नव्हतं. रविवारी सगळं पार पडलं असतं, आणि दोन महिन्यांनी अंगणात रुबीची पिल्लं लोळली असती. सगळीच काही पांगळी निघत नाहीत. एखादं तरी धड निघेलच की.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. कुणाला सांगायची सोय नाही आणि गिळायचीही नाही. तीन दिवस त्याने वत्सलेलाही एवढंच सांगितलं की साक्ष मिळाली. झुंबरला फोनवर म्हणाला, "आई होती, चांगली होती. ये तू." किनाऱ्यावर रुबी पुढे पळाली की तो तिच्या मागच्या पायांकडे बघायचा. पडताहेत ना नीट? वाळूत तिचे ठसे सरळ उमटत होते, तरी त्याचं समाधान होत नव्हतं. इतकी वर्षं त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं होतं, आता कमरेकडे पाहायची पाळी आली.

रविवारी सकाळी झुंबर टेम्पोतून उतरला. धुतलेला शर्ट, कपाळाला गंध. सुलतानलाही अंघोळ घातलेली. वत्सलेने तोंडाने कितीही बडबड केली तरी मन मोठं तिचं. नवरदेवासाठी म्हणून तिने काटे काढून रावस शिजवला होता. रुबी माजाच्या बाराव्या दिवसात होती. तिने सुलतानला पाहिलं, शेपटी बाजूला घेतली आणि उभी राहिली. डॉक्टरांनी सांगितलं होतं अगदी तसंच.

झुंबरने साखळी सोडायला हात घातला, आणि वामनने त्याचा हात धरला.

"थांब. अर्धीच साक्ष सांगितली मी तुला."

मग त्याने सगळं सांगितलं. ओट्याखालचं बाळंतपण, नऊ पिल्लं, दार, शेपटी. झुंबर ऐकता ऐकता लालबुंद झाला.

"भांडीवाली बाई सांगती म्हनून माझा कागद खोटा? शिक्का हाये त्याच्यावर! वाकड्या शेपटीचं एकच कुत्रं असतं काय दुनियेत? सोडा हात. जोड लागनार म्हंजे लागनार. कागद माझा, जिम्मेदारी माझी."

"कुत्री माजी हाय," वामन म्हणाला.

"अहो, तुमालाच पिल्लू पायजे ना? तुमीच आला होता माझ्या दारात! डॉक्टर म्हनला ना, पुन्हा व्हनार न्हाई?"

"पायजे," वामन म्हणाला. "तुला काय सांगू किती पायजे. पन तिची आई चार वर्सांची नव्हती झाली तं मागून लुळी पडली. तो रोग ह्याच्यातून आनि हिच्यातून, दोन्ही बाजूंनी पिल्लात उतरवू? साक्षीदार मी आनला, झुंबरभाऊ. मला नाय फिरता येत."

त्याने रुबीच्या गळ्यातला पट्टा धरला. ती त्याच्याकडे बघायला लागली. आज हा असा का वागतोय ते तिला कळेना. सुलतान साखळीला हिसके देत होता. झुंबर तरातरा कुंपणापर्यंत गेला, टेम्पोवाल्याला हाक मारायला तोंड उघडलं, आणि तिथेच थांबला. पाठमोराच उभा राहिला. वामनला वाटलं, आता शिव्या देईल. पण झुंबर बोटं मोजत होता.

"काका," तो वळून म्हणाला, "गनपतीत झाली म्हनता पिल्लं?"

"हां."

"मंजे सप्टेंबर. आन् त्या मानसानं नेला मार्चमधी." त्याने पुन्हा बोटं मोजली. "सहा महिने व्हत्यात."



"मी आनला तवा अंगानं सहा महिन्यांचा होता," झुंबर स्वतःशीच म्हणाला. "कागदावर दोन. मीच लोकांना सांगत सुटलो, रक्त बघा, रक्त. वीस वर्षं पिंपाचा कागद बघून पिंप आत घेतो मी. झाकन उघडून आत काय हाये ते कवा बघितलंच न्हाई."

तो दारातल्या ओट्यावर बसला. सुलतान येऊन त्याच्या पायाशी टेकला. त्याला आपल्या पणजोबांचं काही पडलेलं नव्हतं. झुंबरने त्याच्या वाकड्या शेपटीचं टोक दोन बोटांत धरलं, घराण्याची खूण म्हणून गावभर दाखवलेलं.

"लई दुखलं असंल न्हाई तवा?" त्याने विचारलं. आणि मग, थोड्या वेळाने, "कशी होती ह्याची आई?"

वामन त्याच्याशेजारी बसला. रुबीचा पट्टा त्याने हातातच ठेवला होता. त्याने सांगितलं की ती काळी होती. विजेला घाबरायची. जवळा आवडायचा. झुंबर मध्ये मध्ये विचारत राहिला. वजन किती होतं? भुंकायची का? पिल्लांना किती दिवस पाजलं? शेवटी उचलून न्यावी लागायची तेव्हा कळवळायची का? जे वामनला माहीत होतं ते त्याने सांगितलं, आणि जे नव्हतं त्यासाठी दोघांनी मिळून बेटेगावला जायचं ठरलं. सुलतानचे पाय डॉक्टरांना दाखवून घ्यायचे, रुबीचेही. यापुढे सुलतानची जोड कुठेच लावायची नाही, हे झुंबर न विचारता बोलला. आईचा रोग रुबीच्याही रक्तात असणार, तेव्हा दुसरा नर शोधायचा नाही, हे वामनने मनाशी ठरवलं.

बोलणं संपलं तेव्हा ऊन अंगणभर पसरलं होतं. झुंबर उठला. "निघतो काका. उगं तुमच्या घरच्यांना तरास दिला." वामनने मान हलवली.  आतापर्यंत तो खंबीर राहिला होता, पण टेम्पो गेला की रुबीचा तो शेवटचा माजही निघून जाणार होता, आणि मागे काही राहणार नव्हतं, हे त्याला आता नीट कळलं. त्याचे डोळे भरून आले.

तेवढ्यात वत्सला आतून ताटली घेऊन आली, रावस-भाताने शिगोशीग भरलेली. दाराआडून तिने सगळं ऐकलं होतं. तिने ताटली सुलतानपुढे ठेवली आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"अगं, आता कशाला?" वामन नाक पुसत म्हणाला. "नवरा नाय तो. सोयरीक मोडली."

"मोडली तं मोडली," वत्सला म्हणाली. "रुबीच्या माहेरचा मानूस पयल्यांदा दारात आलाय. त्याला उपाशी कशी धाडू?"